राजवाडा आणि महाळुंगे

पुण्याच्या नगर रस्त्यावरील आगाखान राजवाडा १८९२ साली उभा राहिला. आसपासच्या दुष्काळग्रस्तांच्या हाताला काम मिळावे, हा तिसऱ्या आगाखानांचा त्यामागील हेतू. पुढे इंग्रजांनी याच प्रासादाचा तुरुंग केला. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजी, कस्तुरबा, महादेवभाई देसाई आदींना येथे स्थानबद्ध करण्यात आले. आठवडा उलटतो न उलटतो तोच, १५ ऑगस्टला महादेवभाई गेले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबांनीही येथेच देह ठेवला. दोघांच्या समाध्या बागेच्या मागील अंगास आहेत. १९६९ मध्ये चौथ्या आगाखानांनी ही वास्तू राष्ट्राला अर्पण केली आणि २००३ मध्ये ती राष्ट्रीय महत्त्वाचे स्मारक ठरली.

हे सारे योग्यच झाले. मात्र हिरवळीवर छायाचित्रे काढून परतणाऱ्या किती जणांची पावले त्या समाध्यांकडे वळतात?

वास्तू भव्य असली की स्मृतीला आपोआप छप्पर लाभते. ज्याच्यापाशी वाडाच नव्हता, त्याचे काय? याच जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ या गावी १९०८ साली बाबू गेनू सैद जन्मला. पोटासाठी मुंबईला गेलेला हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाने भरलेल्या ट्रकसमोर आडवा झाला आणि त्याखाली चिरडला गेला. वय अवघे बावीस. त्याच वर्षी जन्मलेल्या हुतात्मा राजगुरूंचा खेडचा वाडा संरक्षित स्मारक झाला, कारण दाखवायला निदान वाडा तरी होता!

हुतात्म्याच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालणे सोपे आहे. महाळुंग्याच्या वाटेवरून मुंबईच्या चाळीत गेलेला शेतकऱ्याचा पोर स्वदेशीसाठी प्राण का देतो, हे मुलांना उमगायचे तर हार पुरत नाही. त्यासाठी गिरणीचा माग, चाळीतली दहा बाय दहाची खोली, मँचेस्टरचे कापड आणि त्याशेजारी चरख्यावरचे सूत डोळ्यांना दिसावे लागते. याला राजवाडा लागत नाही. शाळेलगतच्या दोन नीटनेटक्या खोल्या आणि माहिती सांगणारा गावचाच एक जाणता माणूस पुरे. पुण्यातील शाळांच्या सहली आगाखान राजवाडा पाहतात, त्यांनी नाशिक रस्त्याने खेड, मंचर करीत महाळुंग्यापर्यंत जावे. जिल्हा परिषदेने पुढच्या १२ डिसेंबरपूर्वी एवढी व्यवस्था मनावर घ्यावी.