पाकशाळा : आंबा आणि चिकट भात

थायलंडात एप्रिल-मे महिन्यांत आंबा पिकू लागला की घरोघरी आणि रस्त्यांवरच्या गाड्यांवर एक गोड पदार्थ हमखास दिसतो : ‘खाउ नियाओ मामुआंग’. खाउ म्हणजे भात, नियाओ म्हणजे चिकट आणि मामुआंग म्हणजे आंबा.

मैत्रिणींनो, नारळीभात करणारीला हा काय अवघड, असे मलाही वाटले होते. पाहुणे जेवायला यायचे होते. आंबेमोहोर तांदूळ नारळाचे दूध व साखर घालून एकत्रच शिजत ठेवला. साखरेत तांदूळ शिजेना, दूध फुटून तेल वर आले. पाने मांडलेली होती. अखेर आंब्यांचा रस काढून वेळ निभावली. चुका दोन होत्या : तांदूळ चुकीचा आणि रीतही चुकीची.

या पदार्थाला चिकट तांदूळच हवा. त्यातील पिष्ठ वेगळ्या प्रकारचे असल्याने तो शिजल्यावर शिते एकमेकांना धरून राहतात, तरी लगदा होत नाही. आसामचा बोरा तांदूळ याच जातीचा. तो मिळाल्यास काम भागते.

साहित्य : १ वाटी चिकट तांदूळ, १।। वाटी नारळाचे घट्ट दूध, अर्धी वाटी साखर, पाऊण चमचा मीठ, १ चमचा तांदळाची पिठी, २ चमचे मुगाची डाळ, २ पिकलेले पण घट्ट आंबे.

कृती : तांदूळ तीन-चार वेळा धुऊन रात्रभर भिजत घालावा. सकाळी निथळून, मोदकपात्राच्या चाळणीवर ओले फडके पसरून त्यावर ठेवावा व पंचवीस मिनिटे वाफवावा. मध्ये एकदा उलटावा. तांदळात पाणी मुळीच घालू नये. तोवर १ वाटी दुधात साखर व अर्धा चमचा मीठ घालून मंद आचेवर विरघळवावे. उकळी फुटू देऊ नये. अन्नपूर्णेचे पान मिळाल्यास गाठ मारून त्यात सोडावे व नंतर काढून टाकावे. भात वाफाळता असतानाच हे दूध त्यात कालवून झाकण ठेवावे. प्रथम पातळ वाटले तरी घाबरू नये. अर्ध्या तासात भात सारे दूध पिऊन घेतो.

उरलेल्या दुधात पिठी व राहिलेले मीठ घालून, सतत ढवळत किंचित दाट करावे. डाळ अर्धा तास भिजवून, कोरडी करून खमंग भाजावी. ताटलीत भात, शेजारी आंब्याच्या फोडी, वर खारट दूध आणि कुरकुरीत डाळ, अशी मांडणी करावी.

मीठ पाहून नाक मुरडू नये. त्यानेच गोडाचा उबग येत नाही. आंबा तंतुमय नसावा. भात शीतकपाटात ठेवल्यास कडक होतो आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवल्यास नारळ आंबतो. तेव्हा केला त्या दिवशीच संपवावा, आणि तो उरेल अशी चिंता बाळगू नये.