गावाच्या नावावर गावचीच पोरं खेळू द्या

मंडळी, पोस्ट लांब आहे. कबड्डीवाल्यांनी शेवटपर्यंत वाचा, बाकीच्यांनी वाचली तरी चालेल.

भाताची झोडणी आटोपली, खळी मोकळी झाली की आपल्याकडे बॅनर लागायला सुरुवात होते. आसनगावपासून किन्हवलीपर्यंत, इकडे सरळगाव, टोकावडे, धसईपर्यंत. 'भव्य कबड्डी स्पर्धा', वर नेत्यांचे फोटो, खाली बारीक अक्षरात नियम व अटी. फोटो सगळे बघतात, अटी कोणी वाचत नाही. यंदा मात्र एका अटीवरून ग्रुपवर पंधरा दिवस भांडण चाललंय. तालुक्याच्या चषकात फक्त स्थानिक खेळाडू खेळवायचे की बाहेरचे चालतील? शहापूरवाले आणि मुरबाडवाले दोघेही यावर तावातावाने बोलतायत, म्हणून माझं मत मांडतो. मी चौदा वर्षं चढाया केल्या, आता गुडघा बोलतो म्हणून मंडळाचा हिशेब आणि गुणपत्रक सांभाळतो. अट हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी आमचंच पाप सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कोणाला सांगावं लागणार नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही एक स्पर्धा जिंकली. सातपैकी तीन खेळाडू बाहेरचे. प्रत्येकी पाच हजार, वर गाडीचं डिझेल, वर मटणाचं जेवण. पहिलं बक्षीस होतं एकवीस हजार. हिशेब मीच केला, हातात चषक आणि नऊशे रुपये राहिले. चषक देवळात ठेवलाय, पुजारी पुसतो.

त्या वर्षी आमचा डावा कोपरा म्हणजे मुरबाडच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारा पोरगा. दिवाळीपासून रोज रात्री हॅलोजनखाली सराव, घोट्याची पकड अशी की सुटणं मुश्कील. अंतिम सामन्यात तो राखीव बसला, कारण पैसे दिलेल्या माणसाला बाहेर कसं बसवायचं? चषकाबरोबर फोटो काढला त्याने. सोमवारी सरावाला आला नाही म्हणून फोन केला, तर म्हणाला, "दादा, पुढच्या वर्षी पण तेच आणणार ना? मग मी ओव्हरटाइम करतो." त्याच्या मागे अजून दोघे गेले. पुढच्या हंगामात आम्हाला सात जमवताना नाकी नऊ आले, मग परत बाहेरून आणले. हे असंच चालतं. एकदा आणले की दरवर्षी आणावेच लागतात.

आता समोरच्यांचं म्हणणं. चांगला खेळ बघायला माणसं येतात, स्टार नसतील तर मैदान रिकामं राहील. यात तथ्य आहे, नाकारत नाही. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हापासून आमच्या पोरांनी डुबकी टीव्हीवर बघून शिकली, शिकवायला इथे कोण होतं? बाहेरून येणारा खेळाडू पण काही श्रीमंत नसतो. हंगामात चार पैसे मिळतात म्हणून तो रात्री अपरात्री आपल्या मातीवर गुडघे फोडून घेतो, आणि दुखापत झाली की ज्याने आणलं तोच फोन उचलत नाही. त्याच्यावर राग काढू नका. खुल्या स्पर्धा घ्या, म्हसाच्या जत्रेच्या दिवसांत घ्या, लाखाचं बक्षीस ठेवा, कोणाला आणायचं त्याला आणा. पण वर्षातून एक चषक असा असू द्या की ज्यात जर्सीवर गावाचं नाव आणि आत गावचाच माणूस.

हे स्वप्न नाही. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल म्हणून खेळ आहे, हाताने पायाने दोन्हीने खेळतात, एका बाजूला पंधरा जण. त्यांची संघटना १८८४ साली स्थापन झाली. आजही खेळाडूला मानधन नाही. शिक्षक, शेतकरी, पोलीस, सगळे नोकरी करून खेळतात. तरी डब्लिनच्या मैदानावर अंतिम सामन्याला ८० हजारांवर माणूस बसतो. पाया काय, तर गावचा क्लब. साधारणपणे ज्या गावात वाढलास त्याच गावाकडून खेळायचं. प्रत्येक जिल्ह्यात क्लबांची स्पर्धा होते, जिंकणारा पुढे प्रांताला जातो. पोरं कामाला डब्लिनला राहतात आणि सरावासाठी गावी येतात. आपली पोरं कल्याण, उल्हासनगर, भिवंडीवरून येतात तशीच.

आणि खरी गोम इथेच आहे. स्थानिक म्हणजे कोण? ग्रुपवर सगळे म्हणतायत आधार कार्ड बघा. आधार कार्डाने हा प्रश्न सुटणार नाही, उलट आपलीच पोरं बाहेर पडतील. गोदामात कामाला लागलेल्या पोराने भिवंडीच्या भाड्याच्या खोलीचा पत्ता टाकला की तो परका झाला का? आणि कोणी स्पर्धेच्या आदल्या महिन्यात पत्ता बदलून आणला तर तो गावचा झाला? माझं म्हणणं, तीनपैकी एक गोष्ट पुरे: गावात जन्म, गावच्या शाळेचा दाखला, नाहीतर सलग तीन वर्षं वास्तव्य. यादी हंगामाआधी द्यायची, सगळ्या मंडळांना दिसेल अशी लावायची. एका खेळाडूचं नाव हंगामात एकाच मंडळात. गावात सगळ्यांना सगळे माहीत असतात. यादी समोर लागली की खोटं नाव दोन तासांत सापडतं, पंचाची गरज नाही.

मुलींसाठी मात्र सूट ठेवा. किन्हवलीची पोरगी लग्न होऊन मुरबाडला गेली तर माहेर की सासर हे तिने ठरवावं, आपण नाही. मुळात लग्नानंतर खेळतेय हेच खूप.

पाड्यांचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मी काढतो. कातकरी, ठाकूर पोरांसारखा दम आणि चपळाई आपल्या तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नाही, हे मैदानावर उतरलेला प्रत्येकजण मान्य करेल. मग त्यांचे संघ का दिसत नाहीत? कारण दिवाळीनंतर कितीतरी घरं वीटभट्टीवर जातात आणि कबड्डीचा हंगाम नेमका तेव्हाच. पाड्यावर राहिलेल्या चारपाच जणांचा संघ होत नाही. आयर्लंडमध्ये तरुण कमी झालेली दोनतीन गावं मिळून एक संघ करतात, नियमातच तशी सोय आहे. आपण दोनतीन पाड्यांना एकत्र खेळू द्यायला काय हरकत आहे? आणि त्यांच्या गटाचे सामने होळीच्या आसपास लावा, तेव्हा बरेचजण घरी येतात. प्रवेश फी माफ करा. बॅनरवरचा एक फोटो कमी केला तरी तेवढे पैसे निघतात.

अजून एक. नवीन मंडळ पहिल्याच फेरीत तगड्या संघासमोर येतं, तीन लोण बसतात, चाळीस गुणांनी हरतं आणि पुढच्या वर्षी दिसतच नाही. मंडळांचे दोन गट करा. खालच्या गटातला विजेता वर, वरचा शेवटचा खाली. ६० किलोचा गट आपण करतो ना, मग हे का जमू नये?

खर्च कोण करणार, पंचांचं मानधन कुठून, हे प्रश्न आहेत, बैठकीत बोलू. खेळाडूंना तीनचार हजार वाटण्यापेक्षा त्यातून सगळ्यांचा अपघात विमा काढता येईल, एवढंच आत्ता सांगतो. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन मी बैल विकून केलं, मंडळाने हार घातला होता.

रविवारी बैठकीत मी अटीच्या बाजूने हात वर करणार. पहिल्याच फेरीत हरलो तर हरलो, गाव शिव्या देईल ते मी ऐकून घेईन.

आमची यादी तयार आहे, बारा जागा, अकरा नावं. डावा कोपरा रिकामा ठेवलाय. काल कंपनीच्या गेटवर जाऊन त्याला विचारून आलो. म्हणाला, "शिफ्ट बघून सांगतो, दादा."