गाणे बघायला आलेली मंडळी

आमच्या लहानपणी मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात एक ठरलेला प्रवेश असे. पोहे होत, नाव-गाव विचारून होई, आणि वरपक्षातले एखादे वडीलधारे गृहस्थ सुपारी कातरीत म्हणत, "गाणंबिणं येतं का?" मुलगी मान खाली घालून एखादे नाट्यपद म्हणू लागे. त्या वेळी खोलीत काय चाले, हे मी दाराआडून पुष्कळदा पाहिले आहे. भावी सासूबाई रंग पाहत, नणंद दात पाहत, आणि नवरदेव चोरून जमेल तेवढे पाहत. गाणे कोणीच ऐकत नसे. मुलीला निवांतपणे निरखता यावे, यासाठी शोधलेले ते एक सोयीचे निमित्त होते.

हा प्रवेश आता आठवण्याचे कारण माझी भाची. तिने सतरा वर्षे गाण्यात घातली. पहाटे उठून खर्ज लावला, लग्नकार्ये बुडवली, पण शिकवणी बुडवली नाही. गेल्या वर्षी ती एका वाहिनीच्या गायनस्पर्धेच्या चाचणीला गेली. ऐकून झाल्यावर तिथले एक गृहस्थ अगदी गोड शब्दांत म्हणाले, "आवाज उत्तम आहे हो. पण पडद्याच्या दृष्टीने जरा... दहा किलो उतरवा, दातांचं काही करून घ्या, आणि पुढच्या वर्षी या." घरी येऊन ती मला एवढेच म्हणाली, "मामा, 'सूर कच्चा आहे' म्हणून काढलं असतं तर मी आणखी सतरा वर्षं शिकले असते. दातांना कसला रियाज द्यायचा?" त्या दिवसापासून तिच्या तंबोऱ्याची गवसणी निघालेली नाही.

म्हणजे, मंडळी, तो जुना प्रवेश बंद पडलेला नाही. पोह्यांच्या बशा गेल्या, दिवे आणि कॅमेरे आले, इतकेच!

यावर कोणी म्हणेल, "रूपाचे कौतुक आजचे आहे काय? बालगंधर्वांचे शालू, त्यांचे ते चालणे, लोक बघायलाच जात होते ना?" जात होते, हे कबूल. पण नाटकात रुक्मिणी रुक्मिणीसारखी दिसावी, ही त्या भूमिकेची मागणी होती; यमनाची किंवा भैरवीची तशी मागणी कधीच नसते. आणि वयाबरोबर बालगंधर्वांचे रूप ओसरले, तरी त्यांच्या गाण्याचे वेडे कमी झाले नाहीत.

दुसरी गोष्ट अशी की, हा न्याय सर्वांना सारखा लागत नाही. पंडित भीमसेन जोशी गाताना चेहरा वेडावाकडा होई, हात हवेत काय काय पकडीत. आपण त्याला तंद्री म्हणालो, आणि योग्यच म्हणालो. पण हेच एखाद्या बाईने करावे, की आपल्यातलाच कोणी कुजबुजतो, "गाते छान, पण बघवत नाही." पुरुषाची ती तंद्री आणि बाईचे ते ध्यान! हा न्याय कोणत्या संगीतशास्त्रात लिहिला आहे?

वाहिन्यांना नावे ठेवून मला मात्र सुटायचे नाही. मागच्या दिवाळी पहाटेला मी पुढच्या रांगेत बसलो होतो. घरी आल्यावर सौ.ने विचारले, "काय काय गायली?" मी साडीचा रंग सांगितला, नथ सांगितली, गजरासुद्धा सांगितला. पहिला राग कोणता होता, ते काही केल्या आठवेना.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही, असे दिसते. चिया-जुंग त्साय या स्वतः पियानो वाजवणाऱ्या संशोधिकेचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोकांना पियानोस्पर्धांतला विजेता ओळखायला सांगितले होते. काहींना नुसते वादन ऐकवले, काहींना आवाज बंद करून नुसते चित्र दाखवले. ज्यांनी काहीच ऐकले नाही, त्यांनीच विजेता अधिक वेळा ओळखला! त्यांत व्यावसायिक संगीतकारही होते. म्हणजे परीक्षकांचे कान कितीही तयार असोत, निकालावर सही डोळेच करतात.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. १९५२ साली अमेरिकेतल्या बॉस्टनच्या वाद्यवृंदाने निवडीच्या वेळी वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा टांगला. पुढे इतर वाद्यवृंदांनीही तोच मार्ग धरला, आणि तिथे स्त्रियांची संख्या वाढत गेली. आपल्या गायनस्पर्धांना निदान पहिल्या फेरीपुरता असा पडदा टांगायला काय खर्च येतो? चार वार कापड! पुढे दिवे लावा, साड्या नेसवा. पण आत यायचे दार तरी सुराने उघडू द्या.

गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची गोष्ट सांगतो. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरचे निवडक संगीत दोन्हींवर सोन्याच्या मुलाम्याच्या तबकडीत घालून पाठवले आहे. त्यात केसरबाईंची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. त्याच वर्षी बाई गेल्या. आज ती याने ताऱ्यांमधल्या पोकळीतून चालली आहेत. तबकडीत चित्रेही आहेत, पण त्यांत केसरबाईंचा चेहरा नाही. कधी काळी ती कोणाच्या हाती लागलीच, तर त्याला बाई कशा दिसत होत्या ते कळणार नाही. फक्त सूर कळेल. परग्रहावरच्या अनोळखी श्रोत्याला आपण जेवढा मान दिला, तेवढा आपल्याच घरातल्या मुलीच्या गळ्याला देऊ नये काय?

भाऊबीजेला मी बहिणीकडे जाणार आहे. ओवाळून झाले की भाचीला गवसणी काढायला सांगणार आहे. ती गात असताना मी डोळे मिटून बसेन. मामाला झोप लागली, असे कोणाला वाटले तरी माझी हरकत नाही.