भाड्याचा सांता नको

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चूकभूल द्यावी घ्यावी. पण नाताळ मला शाळेनेच शिकवला, म्हणून थोडं बोलते.

मागच्या वर्षी होस्टेलने वर्गणी काढून मेसच्या काकांच्या मुलांना पार्टी दिली. भाड्याचा सांता, केक, फोटो. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मुलं रांगेत उभी राहून नुसती घेत होती. एक छोटी मला म्हणाली, "ताई, आम्ही काय करायचं?"

तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता आहे. बांबूच्या दहा काड्यांचे पाच टोकांचे दोन तारे, मध्ये पाच टेकू, वर पतंगाचा कागद, झाला कंदील! दिवाळीमुळे हात बसलेला असतोच. पंधरा दिवस आधी डब्यात नाचणी पेरली की गोठ्यापुढे हिरवं शेत तयार. गोव्यात बऱ्याच घरी असंच करतात. कलकल काट्याच्या पाठीवर मुलांनीच वळायचे, तळायचे मात्र मोठ्यांनी.

यात वर्गणी वाचेल, पण मुद्दा तो नाही. ज्याचा वाढदिवस, तोच गोठ्यात जन्मला. त्याला थाटमाट कशाला? मुलांना पाहुणे नका करू, यजमान करा.

नाचणी मी आणते. बांबू कोण आणतंय?