पाटल्या आणि शेअर्स

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुंबईचा शेअरबाजार तासाभरापुरता उघडतो, हे आता आमच्या कोपरखैरण्यातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक झाले आहे. 1957 पासूनची ही प्रथा. आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. ते त्या तासाला कद नेसून, कपाळाला गंध लावून मोबाइलपुढे बसतात, कसला तरी एखादा शेअर घेतात आणि मग खाली येऊन आमच्या चकल्यांचा समाचार घेत "मुहूर्त साधला" म्हणून जाहीर करतात. गेल्या वर्षी मी सहज विचारले, "काका, घ्यायचा मुहूर्त झाला, विकायचा कधी असतो?" त्यांच्या हातातली चकली हातातच राहिली.

"सर, सणासुदीला असे अभद्र बोलू नये हो!"

गंमत पाहा. आपल्या जुन्या मुहूर्तशास्त्रात खरेदीची नक्षत्रे निराळी आणि विक्रीची निराळी सांगितली आहेत. म्हणजे विकणे हीसुद्धा विचार करून करावयाची गोष्ट आहे, हे त्या शास्त्रकारांना कळत होते. आपण त्यातले निम्मेच उचलले. शेअर कोणता घ्यावा हे सांगणारा आम्हांला लोकलमध्ये, केशकर्तनालयात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही भेटतो. घेतलेला शेअर कधी सोडावा हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

या सदराच्या वाचकांना माझी व्यवहारातली अक्कल ठाऊक आहेच. मी मराठीचा प्राध्यापक. अर्थशास्त्राशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता. तरीही 2007 च्या दिवाळीनंतर स्टाफरूममध्ये जो वारा सुटला होता, त्यात मीही वाहवलो. इतिहासाचे सहकारी पानिपतावर बोलावयाचे सोडून पायाभूत सुविधांवर बोलू लागले होते! एका बांधकाम कंपनीचे शंभर शेअर्स मी 420 रुपयांना घेतले. त्या आकड्यावरून तरी मला उमजावयास हवे होते. 10 जानेवारी 2008 रोजी सेन्सेक्सने 21,206 चा उच्चांक गाठला आणि पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये तो साडेआठ हजारांच्याही खाली आला. माझे 420 चे 60 झाले.

"विकून टाका ना," सौभाग्यवतींनी सुचवले.

"420 आले की विकीन."

"ते का येतील?"

याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. 420 ला मी घेतले होते, एवढेच होते. पण तो आकडा जगात कुठे होता? कंपनीच्या हिशेबात नव्हता, बाजारात नव्हता. तो फक्त माझ्या डोक्यात होता. "आज तुमच्या हातात रोख सहा हजार असते, तर याच कंपनीत घातले असते का?" असे त्यावर तिने विचारले. मी म्हणालो, छे! तरीही मी ते शेअर्स आणखी दहा वर्षे सांभाळले आणि 2019 साली 31 रुपयांना विकले. विकले त्या रात्री मला गाढ झोप लागली, ही एक आश्चर्याची गोष्ट.

माझे सोडा, मी लहान माणूस. आमच्या गावातच याहून मोठा धडा उभा आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीचा जो अफाट परिसर आहे, तो रिलायन्स कम्युनिकेशन्सचा. या कंपनीचा शेअर मार्च 2006 मध्ये बाजारात आला, जानेवारी 2008 मध्ये आठशेच्या वर गेला आणि 2019 साली एक रुपयाच्याही आत आला. मधल्या अकरा वर्षांतली पायरीन् पायरी पाहण्यासारखी आहे. आठशेचे चारशे झाले, तेव्हा लोक म्हणाले, स्वस्त झाला. दोनशे झाले, तेव्हा म्हणाले, आता आणखी किती पडणार? वास्तविक शंभराचे पन्नास होणे आणि पन्नासाचे पंचवीस होणे यात घेणाऱ्याचे नुकसान सारखेच, निम्मे. "आणखी किती पडणार" याला खरे उत्तर एकच असते, शून्यापर्यंत. आणि ते कुणी देत नाही.

पण माझे म्हणणे पडण्याबद्दल नाहीच. चांगल्या कंपन्यांचे शेअर्सही पडतात. 23 मार्च 2020 रोजी, टाळेबंदीच्या धास्तीने, सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून अधिक अंशांनी आपटला होता. त्या दिवशी घाबरून विकणारे पुढे पस्तावले. प्रश्न असा की, आपण जे कारण मनाशी धरून शेअर घेतला, ते कारण जागेवर आहे का? मोबाइल कंपनीचा शेअर घेणाऱ्याचे कारण हेच ना, की देशात मोबाइल वाढणार आणि त्यात हिचा वाटा राहणार? देशात मोबाइल वाढले, यात शंकाच नाही. पण सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, दर कोसळले, या कंपनीवर कर्जाचा डोंगर होता, आणि 2017 च्या अखेरीस तिची मोबाइलची सेवाच बंद पडली. कारण संपले! त्या वेळीही शेअरला दोन आकडी भाव येत होता. वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही तेव्हा बाहेर पडता आले असते. पण आपण वर्तमानपत्र वाचतो ते राजकारणासाठी, आणि शेअरचा फक्त भाव पाहतो.

मुंबईला हे नवे नाही. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि 1864-65 साली सारी मुंबई शेअर्सच्या मागे वेडी झाली. बॅकबे रेक्लमेशनचा 5,000 रुपये भरलेला शेअर 50,000 पर्यंत चढला. युद्ध संपले आणि 1 जुलै 1865 ला वायद्याचे सौदे पुरे करावयाची वेळ आली, तेव्हा कुणापाशी पैसाच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 पर्यंत गेलेला शेअर 87 रुपयांना विकावा लागला. त्या खेळातला राजा प्रेमचंद रायचंद. मात्र एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटते. ऐन तेजीत, 1864 साली, या माणसाने मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये काढून दिले. मनोऱ्याला आईचे, राजाबाईचे नाव दिले. पुढच्या वर्षी बाकीचे गेले. वेळेवर बाजूला काढलेला तेवढा हिस्सा राहिला. त्याच मनोऱ्याखालच्या ग्रंथालयात बसून मी एम.ए.चा अभ्यास केला. वेळेवर काढून घेण्याचा धडा मात्र तिथे बसून शिकलो नाही.

तो शिकावा लागला घरी, गेल्या फेब्रुवारीत.

आमचे आप्पा गोदीत कारकून. 1973 च्या परकीय चलन कायद्यामुळे परदेशी कंपन्यांना आपल्या भांडवलाचा हिस्सा भारतीयांना विकावा लागला, तेव्हा 1978 मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी, बोनसच्या पैशांतून त्यांनी अशाच एका कंपनीचे पन्नास शेअर्स घेतले. कंपनीचे नाव सांगत नाही. या सदरातून कुणी टिपा घ्याव्यात अशी माझी योग्यता नाही. चार वेळा एकास एक बोनस मिळून पन्नासाचे आठशे झाले. आप्पा 2016 साली गेले. जाण्यापूर्वी इस्पितळात माझा हात धरून म्हणाले होते, "शेअर्स विकू नकोस." व्याकरणात याला आज्ञार्थ म्हणतात. त्याला मुदत नसते.

ती कागदी सर्टिफिकिटे डीमॅट करून घेताना माझी जी त्रेधा उडाली, ती पूर्वी या जागी सांगून झाली आहे. (ज्यांच्या ट्रंकेत अजून असे कागद असतील त्यांनी आळस करू नये. एप्रिल 2019 पासून कागदी शेअर्स दुसऱ्याच्या नावे विकता येत नाहीत, आणि सात वर्षे लाभांश उचलला नाही तर शेअर्सच सरकारी निधीत जमा होतात.) आता ते आईच्या नावावर आहेत. गेल्या फेब्रुवारीत भाव दोन हजारांच्या घरात होता. म्हणजे सोळा लाख रुपये. आमच्या घरात शिल्लक म्हणून जे काही आहे, त्यातले रुपयात बारा आणे या एकाच कंपनीत!

आणि मुलीला वास्तुविद्येच्या कॉलेजात जावयाचे होते. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, फी आमच्या ऐपतीबाहेरची.

मी आप्पांची खाकी पुठ्ठ्याची वही काढली. आप्पा काटकसरी, शब्दांच्या बाबतीतही. 1978 च्या पानावर अर्जाची रक्कम आणि त्यापुढे एवढेच: "माल रोज लागणारा. लोक सोडणार नाहीत." मी स्वयंपाकघरात जाऊन आलो, मोरीत जाऊन आलो. दोन्हीकडे त्या कंपनीचा माल होता. आप्पांचे कारण अजून जागेवर होते. तेव्हा सगळे विकून टाकावे असे काही नव्हते. पण वहीत असे कुठेच लिहिले नव्हते की घरातली सगळी शिल्लक याच एका डब्यात असावी. ते आपोआप होत गेले होते. आंब्याचे झाड वाढून वाढून घराच्या भिंतीला टेकले, म्हणून कुणी झाड तोडत नाही, फांदी छाटतो. शिवाय ज्या पैशाची तारीख ठरलेली आहे तो पैसा बाजारात ठेवू नये, एवढे मला 420 च्या प्रकरणातून कळले होते. ऑगस्टमध्ये फी भरावयाची, आणि बाजार कुणाच्या ऑगस्टसाठी थांबत नाही.

हे सारे मी धाकट्या भावाला फोनवर समजावले. तो बंगलोरला इंजिनीअर.

"दादा, आप्पांची शेवटची इच्छा होती," तो म्हणाला. "कर्ज काढ हवे तर, मी हप्ते भरतो. पण शेअर्स मोडू नकोस."

फोन मोठ्याने बोलत होता. आई पलीकडे बसून मेथी निवडत होती. तिने मेथीतून डोके वर काढले नाही.

"त्याला सांग," ती म्हणाली, "तुझ्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. तेव्हाही हे शेअर्स होते. आप्पांनी त्यांना हात लावला नाही."

फोनमध्ये आणि घरात, दोन्हीकडे शांतता झाली. पंचवीस वर्षांत ही गोष्ट तिने आम्हां दोघांपैकी कुणालाही सांगितली नव्हती. पाटल्या कुठे गेल्या हे आम्हीही विचारले नव्हते. तिच्या हातात काचेच्या बांगड्या असतात, तिला त्या आवडतात, असे आम्ही धरून चाललो होतो. मराठीत सोने मोडतात, ठेव मोडतात. शेअर्स मात्र विकतात. भावाच्या तोंडी "मोडू नकोस" कसे आले कोण जाणे, पण तो शब्द आईने बरोबर पकडला.

"आता शेअर्स मोडा," ती म्हणाली आणि मेथी घेऊन आत गेली.

त्यानंतरचे काम हिशेबाचे होते आणि हिशेबाला वरचे काका धावून आले. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या शेअर्सवर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्याला कर नाही. त्यावर साडेबारा टक्के. जुन्या शेअर्सची मूळ किंमत म्हणून 31 जानेवारी 2018 चा भाव धरता येतो. आमच्या कंपनीचा तेव्हा 900 होता, म्हणजे दर शेअरमागे नफा 1,100. तेव्हा एकदम न विकता 110 शेअर्स मार्चमध्ये आणि 110 एप्रिलमध्ये विकावे, असे ठरले. दोन आर्थिक वर्षे, दोन सवलती. साडेचार लाखांच्या आसपास हाती येणार आणि करही नाही. काका इतके खूश झाले की विक्रीला अभद्र म्हटल्याचे ते विसरून गेले.

मार्चचे ठरल्याप्रमाणे झाले. 7 एप्रिल 2025 रोजी मात्र अमेरिकेच्या आयात-करांच्या धसक्याने सेन्सेक्स 2,200 हून अधिक अंशांनी कोसळला आणि दुपारी भावाचा फोन आला, "दादा, आज विकू नकोस हं!" मी त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासत होतो, बाजार पडल्याचे त्याच्याकडूनच कळले. पंधरवड्याने गठ्ठे संपले तोवर भाव सावरला होता. मी थांबलो ती माझी दूरदृष्टी, असा भावाचा आजही समज आहे. तो मी दूर केलेला नाही.

मुलगी कॉलेजात जाऊ लागली. उरलेले 580 शेअर्स आहेत तसे आहेत. आम्ही विकल्यानंतर भाव वर गेला. सौभाग्यवतींनी सांगितले, मी ऐकून घेतले. गणपतीच्या सुट्टीत आप्पांची वही काढून त्यांच्या ओळीखाली मी लिहिले: किती विकले, कशासाठी विकले, उरलेले का ठेवले, आणि त्या कंपनीचा माल आपल्या मोरीतून नाहीसा होऊ लागला तर पुन्हा विचार करावा. मग वही आईपुढे धरली. तिने चष्मा लावून सबंध पान वाचले, उलटून मागचे पाहिले, पुन्हा पुढचे पाहिले.

"सगळे लिहिलेस," ती म्हणाली. "पाटल्यांचे कुठे लिहिले आहे?"

ते लिहावयाचे राहिले होते. मी पेन उघडले आणि तिला वजन विचारले.