रंगीत मेंदू म्हणजे निदान नव्हे

‘मेंदूतील रक्तप्रवाह पाहून कंपवात आधीच ओळखता येणार’ अशा आशयाची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी फिरते, आणि सोबत लाल-निळ्या मेंदूचे चित्र हमखास असते. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी म्हणून त्या चित्राचा मोह मलाही कळतो. म्हणूनच ते तयार कसे होते, हे सांगणे भाग आहे.

‘आर्टीरियल स्पिन लेबलिंग’ या एमआरआयच्या पद्धतीत मानेतून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्याचे चुंबकन रेडिओलहरींनी उलटवतात, ते रक्त मेंदूत पोहोचेपर्यंत थांबतात आणि प्रतिमा घेतात. मग न उलटवलेल्या रक्ताची प्रतिमा घेऊन एकीतून दुसरी वजा करतात. उरलेला फरक मूळ संकेताच्या जेमतेम एक टक्का! तो गोंगाटातून वेगळा काढण्यासाठी अशा जोड्या पुनःपुन्हा घ्याव्या लागतात आणि तोवर डोके हलता कामा नये. ही अट घालायची कोणाला, तर ज्याच्या आजाराची ओळखच थरथर आहे त्याला.

किती वेळ थांबायचे, हाही साधा प्रश्न नाही. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार सत्तरीच्या आतील निरोगी माणसासाठी १.८ सेकंद, त्यापुढील वयासाठी व रुग्णांसाठी २ सेकंद. रक्त वाटेत रेंगाळले तर तो भाग निळा दिसतो. तिथे प्रवाह कमी असेलच असे नाही, उशीरही झालेला असू शकतो. कॉफीनेसुद्धा मेंदूचा रक्तप्रवाह घटतो, हे आम्हा बंगळूरकरांनी तरी विसरू नये.

याहून गंभीर बाब औषधाची आहे. लेव्होडोपा दिल्यावर मेंदूच्या काही भागांत ग्लुकोजचा वापर घटतो आणि त्याच भागांत रक्तप्रवाह मात्र वाढतो, हे २००८ मध्येच पीईटी तपासणीतून दाखवले गेले. म्हणजे ज्या रक्तप्रवाहाला आम्ही चेतापेशींच्या कामाचा साक्षीदार मानतो, तो याच आजारात उलटी साक्ष देऊ शकतो. बातमीत हे कधी वाचले आहे?

रुग्णांची आणि निरोगी लोकांची सरासरी वेगळी येते, हे मान्य. पुरुषांची सरासरी उंचीही स्त्रियांहून अधिक असते. म्हणून १६५ सेंटीमीटर एवढ्या आकड्यावरून ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे सांगणार का? शोधनिबंधात हा भेद लिहिलेला असतो. प्रसिद्धिपत्रकात तो गळतो, आणि ते पत्रक आमच्याच संमतीने निघते. केवळ पत्रकारांना दोष देणे सोयीचे आहे, इतकेच.

डोपामाइन वाहकांचे स्कॅन ही निराळी गोष्ट. साधा कंप आणि कंपवात यांत फरक करण्यास ते खरोखर मदत करते. पण निदानाचा आधार आजही हालचालींचा मंदपणा, आणि त्याच्या जोडीला स्थिर हाताची थरथर किंवा ताठरपणा हाच आहे. तो डॉक्टर बोटे आपटायला लावून, चालायला लावून तपासतात.

गेल्या महिन्यात बेळगावहून मावशीचा फोन आला. काकांचा आजार ‘किती पसरला’ ते पाहायला बंगळूरला आणू का, पैशांची सोय झाली आहे, असे ती म्हणाली. बातमी तिनेही वाचली होती. मी तिला एक वही करायला सांगितली: गोळीची वेळ, हालचाल अडखळण्याची वेळ, उभे राहताना येणारी चक्कर. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी ती वही पाहून गोळ्यांच्या वेळा बदलल्या.