चालायला कॅब!

आई साताऱ्याहून पंधरा दिवस राहायला आली आणि तिसऱ्याच दिवशी कंटाळली. नांद्यात आमचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर. बाल्कनीतून डोंगर, खाली जिम, पूल, सगळं झकास! पण आईला हवा होता संध्याकाळचा साधा फेरफटका. गेटबाहेर पडली, मागून डंपर आला आणि बाईसाहेब थेट कडेच्या चिखलात. वर येऊन म्हणाली, "तुमच्याकडे माणसं चालत नाहीत का गं?"

चालतात ना! वॉचमन, कामाच्या मावश्या, शाळेची पोरं. फक्त रस्ता आखताना त्यांना कुणी मोजलेलं नसतं.

2006 चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगतं की विचार गाड्यांचा नाही, माणसांच्या प्रवासाचा करा. इंडियन रोड्स काँग्रेसची 2012 ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात, फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 15 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे गुडघेदुखीवाल्या आईलाही चढता येईल अशी. कागदावर आपण एकदम युरोप आहोत, बॉस!

शेजारची सूस-म्हाळुंगे 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेली, नांदे बाहेर राहिलं. टॉवर मात्र हद्द बघून थांबत नाहीत. ते आधी उगवतात, फुटपाथ मागाहून, जमलंच तर. नदीपलीकडे माणपासून शिवाजीनगरपर्यंत 23 स्टेशनांची मेट्रो आखली गेली. मस्तच! पण त्या पहिल्या स्टेशनापर्यंत जायचं कसं? वाटेत फुटपाथ नसेल, वेळेवर येणारी बस नसेल, तर तुम्ही-आम्ही स्कूटीच काढणार. आणि एकदा काढली की कोण मध्ये उतरतंय? ती थेट ऑफिसपर्यंत जाणार.

मला विचाराल तर फ्लायओव्हरच्या आधी शाळा, बसस्टॉप आणि सोसायट्यांच्या गेटसमोर वेग तीसवर आणा. 2020 च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही माणसं आणि गाड्या एकत्र असतील तिथे हाच आकडा आहे. नुसत्या पाटीने कुणी ब्रेक दाबत नाही. त्यासाठी रस्त्यापेक्षा उंच केलेलं क्रॉसिंग लागतं. खर्च किरकोळ. (फीत कापण्यासारखं त्यात काही नाही, हीच अडचण असावी.)

शेवटी रविवारी कॅब करून आईला जंगली महाराज रस्त्यावर नेलं. रुंद फुटपाथ, बसायला बाकं, डोक्यावर झाडं. दोन चकरा मारल्या, भेळ खाल्ली, स्वारी खूश! परतल्यावर मोबाइलवरचं बिल तिने वाकून पाहिलं.

"चालायला एवढे पैसे?" म्हणाली. आणि मग, "पुढच्या रविवारी लवकर निघू."